सुशीलाला ताप नव्हता, ताई

प्रिय विमलताई,

तुमच्या तेराव्याला मी गावी आले होते. मांडवात बायका बोलत होत्या, "विमलबाईनं लई पोरी शिकवल्या, पण सुशीलाकडं तिचं ध्यान न्हाई राहिलं." मी ऐकलं आणि मान खाली घालून जेवत राहिले. लातूरला परतताना एसटीत मला रडू आवरेना. तुम्ही होतात तेव्हाच सांगायला हवं होतं. आता हे पत्र कुठे पाठवू?

भूकंपात आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बाप-लेक. शेजारच्या शेडमध्ये सुशीला, तिचे आईवडील. मी कुणाशी बोलतच नव्हते. आणि मग तुम्ही आलात, निलंग्याहून, पिशवीत फक्की आणि दोरी घेऊन! शेडपुढच्या मोकळ्या जागेत खो-खोचं मैदान आखलंत. बापमंडळी कुरकुरली तर म्हणालात, "पोरी एक तास सोडा. वाटलं तर कडेला बसून राखण करा, पण खेळू द्या."

किती पळालो आम्ही! दमलो की तुम्ही गोल करून बसवायचात. पाळीबद्दल मला तुम्हीच सांगितलंत, आई नव्हती ना. एकेकीला उभं करून मोठ्यानं बोलायला लावायचात, "मला शिकायचं हाय. मला आत्ता लगीन करायचं न्हाई." सुशीलाचा आवाज सगळ्यात खणखणीत. माझा घशातच अडायचा. तुम्ही म्हणायचात, "येईल गं, रेखा. वेळ आली की येईल."

वेळ आली, ताई. आम्ही चौदाच्या होतो. त्या दिवशी तुम्ही पुस्तकं आणायला निलंग्याला गेला होतात, आम्ही आमच्या आम्ही खेळत होतो. सुशीला माझ्या शेजारच्या चौकात बसली होती, तिचं तोंड उलट्या बाजूला. तशीच, मान न वळवता म्हणाली, "शुक्रवारी माझं लगीन हाय. उद्यापासून मला बाहेर सोडणार न्हाईत. ताई आल्या की सांग. सांगशील ना?"

मी हो म्हणाले.

घरी बाबांना विचारलं. नवरा मुलगा आमच्याच नात्यातला, स्थळ बाबांनीच आणलेलं. ते म्हणाले, "त्या बाईच्या कानावर गेलं तर तुझा खेळ बंद, शाळाबी बंद. याद राख."

गुरुवारी तुम्ही आलात. मैदानावर सगळ्या मुली मोजल्यात आणि मला विचारलंत, "सुशीला का आली न्हाई?"

"ताप आलाय तिला," मी म्हणाले.

तुम्ही लगेच निघालात तिला बघायला. मी तुमचा हात धरून म्हणाले, "झोपलीय ती, उद्या जा." आठवतं? माझ्यावर तुमचा एवढा विश्वास का होता, ताई? एकदा तरी रागावून खरं काढून घ्यायचं होतंत!

दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाडाची जीप गेली. तुम्हाला वाटलं, घरच्यांनी मलाही तापाचंच सांगून फसवलं. वर्षभरानं सुशीला बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तुम्ही तिच्या आईच्या दारात बसून म्हणालात, "मला कसं कळलं न्हाई? मी जीपपुढं आडवी पडले असते." मी तुमच्या मागेच उभी होते.

माझी शाळा सुटली नाही. आज मी लातूरच्या एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलींना जीवशास्त्र शिकवते. प्रसूतीचा भाग आला की फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही तिथे आला होतात. काठी टेकत तीन जिने चढून! म्हणालात, "इतक्या पोरी, आन् एकीलाबी हसताना पाहिलं न्हाई मी. काय करत्यात गं ह्या दिवसभर? रविवारी एक तास दे. आपला पोरींचा खेळाचा गट इथं सुरू कर." मी म्हणाले, "रविवारी टेस्ट असते, ताई." तुम्ही चहा पिऊन निघून गेलात. तुम्हाला खाली सोडायलासुद्धा मी आले नाही. पुढचा तास होता.

खरं सांगू? तुम्हाला टाळतच होते मी. तुम्ही समोर आलात की पुन्हा चौदाची व्हायचे.

येत्या रविवारी मी गावी जाणार आहे. सुशीलाच्या आईला आणि त्या सगळ्या बायकांना सांगणार आहे, की ताईंचं ध्यान होतं, खोटं मी बोलले. सुशीलाची आई मला दारातून हाकलेल. हाकलू दे.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी इथल्या मुलींना बाहेर काढीन. क्लासचे सर नको म्हणालेत. मी जवळच्या शाळेचं मैदान मागितलंय. पहिल्याच दिवशी मुलींना हे सगळं सांगेन. ऐकून ज्या उठून जातील, त्यांना जाऊ देईन. ज्या थांबतील, त्यांच्याबरोबर पळेन.

तुमच्याशी खोटं बोललेली,
रेखा