वसतिगृहामागची पडकई

लोणी काळभोर, रविवार

आबा,

इथूनच पाया पडते. कसे आहात ते विचारत नाही, तुम्ही खरं थोडंच सांगणार!

आधी आनंदाची बातमी. आपल्या आदिवासी संस्थेच्या वसतिगृहामागे दगडी बांध उभा राहिला. यंदा पावसाचं पाणी मुलींच्या खोल्यांत शिरणार नाही. अध्यक्ष झाल्यापासून मला हाच घोर होता.

सभासदांना मोबाइलवर कळवलं होतं, "रविवारी पडकई आहे, या." नुसते अंगठे आले. शेवटी भवारीकाकांकडे गेले, निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभे होते तेच. म्हणाले, "एकमेकांच्या शेतात राबायला गावाकडं असं बोलावतात होय? दारात जावं लागतं. आता आलीस, आता येतो."

मग सगळ्यांच्या दारात गेले. आज हडपसर, कर्वेनगरहून माणसं आली. नर्स, वॉचमन, कॉम्प्युटरवाले, सगळे आपापली भाकरी बांधून. दगड रचायचं कुणी विसरलेलं नाही, आबा.

काम संपल्यावर पुढची पाळी ठरली. काका म्हणाले, "हिच्या वडिलांचा बांध फुटलाय, तिकडं जाऊ." मी उडालेच. म्हटलं, अध्यक्षाच्या घरचं नको, आधी सभासदांचं बघू. तर म्हणाले, "पडकईत अध्यक्ष नसतो."

तेव्हा पुढच्या रविवारी येतोय. आईचे गुडघे कसे आहेत? तिला चुलीपाशी बसवू नका, पाणी तेवढं भरून ठेवा.

आणि बांध फुटल्याचं काकांना सांगितलंत, मला नाही. अध्यक्ष झाले म्हणून परकी झाले का?

तुमचीच,
सारिका