मोडला आज

१२ एप्रिल २०१९
पहिला दिवस. सिगारेट शून्य. मेहुण्याने व्हॉट्सअॅप ग्रुपात घातलं. सगळे सिगारेट सोडणारे, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. नियम दोनच. रोज संध्याकाळी दिवसाचा आकडा टाकायचा. ओढली तर ‘मोडला’ लिहायचं, दुसऱ्या दिवशी एकपासून. बाकी सकाळी सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार. दोन दिवसांत बाहेर पडेन.

१९ एप्रिल
आठवा दिवस. बाहेर पडलो नाही. जोडीदार मिळाला: सलीमभाई, पिशोरचे, शिलाईचं दुकान. माझ्या बारा दिवस पुढे.
दौलताबाद रोडला नवीन लेआउट, प्लॉट आखतोय. पाणी टँकरचं, सावली छत्रीची. दुपारी फार तलफ आली. त्यांना कळवलं. उत्तर: “थोडं थांबा साहेब, पाच मिन्टात जातंय. मी सुईत दोरा ओवत बसतो. तुमी बी कायतरी करा.” मोजणीची फीत उलगडून परत गुंडाळली. गेली तलफ.

७ मे
२६. रमजान लागला. सलीमभाई: “दिवसभर तर नेमच हाय. इफ्तारनंतरचं बघायचं.” त्यांचे ३८.
नळ सहाव्या दिवशी आला. बायको भरता भरता म्हणाली, चिडचिड गेली तुमची, आता नुसते कंटाळवाणे झालात.

२२ मे
४१. संकष्टी. बायकोच्या आग्रहाखातर उपास धरतो. चार वाजता साइटवर कोणीतरी कचोरी हातात ठेवली, खाऊन झाल्यावर आठवलं. तिला लिहिलं, “मोडला आज. माफ कर.”
गेलं ग्रुपात. पाहिलं तोवर तास उलटून गेला होता. उत्तरांची रांग. “होतं असं.” “उठा, परत लागा.” जळगावच्या एका ताईंनी, ज्यांचं नाव मी कधी नीट वाचलेलं नाही, माझ्यासाठी देवापुढे दिवा लावलाय. सिगारेट सोडल्यावरही एवढं गोड मला कोणी बोललं नव्हतं. तेही कचोरीपायी.
खुलासा लिहायला घेतला. तेवढ्यात सलीमभाईंचा खासगी मेसेज:
“साहेब, तुमी खरं बोलले म्हणून सांगतो. माझा तर रमजान लागल्यापासूनच मोडलाय. दिवसभर रोजा, अन् इफ्तारनंतर गच्चीवर एक. आकडा झूट टाकत व्हतो. तुमच्यासारखी हिंमत नाय झाली.”
खुलासा पाठवला नाही.

२३ मे
त्यांनी ग्रुपात कबूल केलं. वर लिहिलं, “साहेब अन् मी, दोघं मिळून एकपासून.” सगळ्यांनी टाळ्या टाकल्या.
मी १ टाकला. होते ४२. वाईट वाटलं, चक्क आकड्याचं.

२७ मे
ग्रुपात ५. खरे ४६.
क्रांती चौकात टपरीसमोर थांबलो. मन म्हणतं, माफी तर मिळून गेली, गुन्हा तेवढा करायचा राहिलाय. एक घेतली. बोटांत फिरवली. परत दिली. टपरीवाल्याने कपाळाला आठ्या घालून घेतली. भीती वाटली, पहिल्या आठवड्यातही इतकी वाटली नव्हती.
बायकोला सगळं सांगितलं.
“मग सांगून टाका की त्यांना.”
“ते परत लपवायला लागले तर?”
“त्यांचं ते बघतील. तुम्हाला हिंमतवाले म्हणवून घेणं आवडलंय.”
लागलं. बरोबर बोलली म्हणून जास्त.

४ जून
ग्रुपात १३. सलीमभाईंचेही १३, आणि या वेळी खरे, असं मला वाटतं.
बहुधा उद्या ईद. त्यांचा मेसेज: “शीरखुर्म्याला या साहेब, पिशोरला. एक विचारायचं व्हतं. त्या दिवशी तुमचं नेमकं काय झालं? कोणी दिली, कशी पेटवली? मला समजू द्या. म्हंजे तसली वेळ आली की मी सावध राहीन.”
महिनाभर रोजे धरलेल्या माणसाला हे सांगायचं.
लिहिलं: ‘सलीमभाई, त्या दिवशी माझा चतुर्थीचा उपास मोडला होता.’ खोडलं. परत तेच लिहिलं, पुढे ‘सिगारेट नव्हे’ जोडलं, खोडलं. तिसऱ्यांदा लिहीत होतो तर त्यांचंच आलं:
“टाइप करताय दिसतंय. आरामात लिहा साहेब. मी हाय.”