डोक्यावरचे नऊ टाके

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बॅनर आला एकदाचा! सुभाषचा फोटो हातभर, माझं नाव मुंगीएवढं. सेवा क्लबचा अध्यक्ष तो, पण धावपळ कुणाची? सेक्रेटरीची. म्हणजे माझी. रक्तदान, डोळे तपासणी, वह्यावाटप — मरमर मरायला पंढरीनाथ, हार घालून घ्यायला सुभाष.

रविवारी उत्तनचा किनारा साफ करायचाय. क्लबच्या वरिष्ठ, प्रांतपाल बाई स्वतः येणार. तारीख मीच काढली. मोबाईलवर भरती-ओहोटी बघितली — आठ तारखेला समुद्र अगदी मंद. बाईंचे बूट भिजायला नकोत. सुभाषचं एकच टुमणं, अहवालात किलो जास्त दिसले पाहिजेत. मागच्या खेपेला वसईवाल्यांनी आपली पार जिरवली म्हणे.

बॅनरच्या दोन्ही टोकांना बांबू शिवायला हंसाला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली असती तर हात सुटला असता माझा. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळतं. शिवले.

रविवार, ८ फेब्रुवारी

डोकं फुटलं. नऊ टाके. कान अजून वाजतोय. डॉक्टर म्हणाले पडून राहा. नाही राहणार! विसरायच्या आत सगळं लिहून काढणार.

सुरुवात झकास झाली होती. निळे टी-शर्ट, हातमोजे, मागे बॅनर. एक बांबू हंसाच्या हातात, दुसरा इशिताच्या — ती आमची सगळ्यात तरुण मेंबर, फोटोत बरी दिसते. बाटल्या आणि चिप्सची पाकिटं वेचून वजन काही भरेना. मग जाळी दिसली. वाळूत ढीगच्या ढीग, ओलसर, काळपट, घाण वास. एक उचललं तर कमरेत चमक भरली इतकं जड. सुभाषचे डोळे चमकले. पण पोत्यात मावेनात. मी म्हटलं, कापा. झाडं छाटायच्या कात्र्या होत्याच. पहिली कात्री मीच चालवली. पाच-सहा पोती दणादण भरली.

बोंबील सुकत घातले होते तिकडून बायका धावत आल्या. सगळ्यात पुढे एक म्हातारी. मॅबेल नाव, नंतर कळलं. माझं मनगटच धरलं तिनं. "कचरा न्हाय तो! भांग हाय म्हणून जाली सुकाया घातली." भांग म्हणजे म्हणे समुद्र मंद असतो ते दिवस. तेव्हा जाळ्यात मासळी शिरत नाही, म्हणून जाळी वर काढतात, सुकवतात, शिवतात. म्हणजे मी नेमका तोच रविवार निवडला! मग? पाटी लावायची होती!

मी हिंदीत सांगितलं, छोडो. सोडेना. मला चोर म्हणाली — प्रांतपाल बाईंच्या देखत! लगावली एक. थोबाडीत. खाली बसली. अंगावर येणाऱ्या बाईला एक लागते, त्यात एवढं काय आहे?

मग नुसता राडा. होड्यांवरून माणसं उतरली. दगड, बाटल्या, वल्ही. सुभाषच्या ड्रायव्हरनं एका कोळ्याच्या पोटात गुडघा घातला. त्यानं वाळू भरलेली बाटली ड्रायव्हरच्या तोंडावर हाणली — दोन दात तिथेच पडले. कुणी कुणाचे केस धरले होते, कुणी चावत होतं. आणि मागून माझ्या डोक्यात खाडकन! डोळ्यांपुढे काजवे. वळलो तर एक पोरगा, अगदी तोंडाशी तोंड, त्याचे दोन्ही हात माझ्या काखेत. पुढचं आठवत नाही.

तो चेहरा मात्र विसरणार नाही. सोडणार नाही त्याला.

प्रांतपाल बाईंची गाडी पहिल्याच दगडाला निघून गेली म्हणे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

बॅनर धुवायला काढला तर एकच बांबू. दुसरा कुठे? हंसा म्हणाली, तिथेच राहिला. एक काम धड होत नाही हिच्याच्यानं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात ओळख पटवली. चार-पाच जण उभे केले होते. बघताक्षणी बोट दाखवलं — हाच! ट्रॉय. त्या मॅबेलचाच पोरगा, विशीतला. "काका, मी तुमाला धरला," एवढंच बोलला. हवालदारानं कानाखाली वाजवली. आवाज ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी जामिनावर सुटला! माझे टाके ठणकताहेत आणि तो घरी जाऊन कालवण ओरपतोय. पोलिसांना म्हटलं, तुमच्यापेक्षा होमगार्ड बरे. सुभाष म्हणाला, पंढरी, तू शांत राहा, मी आहे ना. त्याचे पाण्याचे टँकर आहेत, टँकरवर पोरं आहेत. मी काही विचारलं नाही. नको असंही म्हटलं नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सुभाषचा फोन — "तुझं काम झालं."

स्टेशनजवळच्या मासळी बाजारात गाठला ट्रॉयला. टोपली उतरवत होता. चौघांनी दाबून धरला, उजवा हात बर्फाच्या पेटीवर ठेवला आणि बर्फ फोडायच्या हातोड्यानं हाणला. तीनदा. बर्फ लाल झाला म्हणे. बाजारात कुणी पुढे आलं नाही.

मला बरं वाटलं. स्वतःच्याच वहीत खोटं कशाला लिहू? आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. हंसाला सगळं सांगितलं, हातवारे करून. ती ताटावरून उठली. कुठला हात, एवढंच विचारलं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

ती बाई घरी आली! तीन जिने चढून. दारात उभी, धापा टाकत, गालावर अजून हिरवट डाग. पिशवीतून एक शर्ट काढला. छातीवर वाळलेलं रक्त.

"बग. तुजा रगत हाय. तू खाली पडत होतास, माज्या ट्रॉयनं तुला छातीशी धरला. मागून मारनाऱ्याच्या छातीवर रगत कसा येल, बाबा?"

डोकं सणकलं. माझं रक्त त्याच्या अंगावर — आणखी काय पुरावा हवा! बाहेर ढकलली. शर्ट जिन्यात भिरकावला. शेजारच्या गुजराती भाभीनं दार उघडलं, मला बघितलं, लावून घेतलं.

हंसा पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागून खाली गेली. तासाभरानं वर आली. रिकामा तांब्या आणि डोळे सुजलेले. कुणाची बायको आहेस तू, विचारलं आणि दोन ठेवून दिल्या. टाके ताणले गेले, पुन्हा रक्त आलं. तिनंच कापूस आणून दाबला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

हंसा म्हणते, तक्रार मागे घ्या. तो पोरगा नव्हता.

तुला काय माहीत, म्हटलं. दोनदा विचारलं, ती भांडी विसळत राहिली. चहाचा कप फेकून मारला. तिच्या कानाजवळून गेला, भिंतीवर फुटला. एरवी ती डोकं खाली घालते. आज घातलं नाही. बघत राहिली माझ्याकडे. तिला काय झालंय कळत नाही. बत्तीस वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं तिनं माझ्याकडे.

भिंतीवर चहाचा डाग पडलाय. तिनं पुसला नाही. मीही नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

माझा सत्कार! शाल, नारळ, 'सेवाव्रती' लिहिलेलं स्मृतिचिन्ह. प्रांतपाल बाई आल्या, लांब उभ्या राहून नमस्कार केला. सुभाष माईकवर म्हणाला, समाजसेवेसाठी रक्त सांडणारा माणूस. एवढी वर्षं हमाली केली, कधी कुणी नाव घेतलं नव्हतं. हंसाला यायला सांगितलं होतं. आली नाही.

शाल इशितानं आणली. खांद्यावर घालताना हळूच म्हणाली, काका, ट्रॉयची तीन बोटं काढली काल. जाळं शिवता येणार नाही आता त्याला.

टाळ्या चालू होत्या. मी हात जोडले. दहाच्या दहा बोटं जुळली आणि ती मला दिसली. राग आला. इशिताचा, सुभाषचा, त्या पोराचा. त्यानं नीट का नाही सांगितलं? सांगितलं होतं म्हणा. आम्हीच ऐकलं नाही, हवालदारानं आणि मी.

नारळ रिक्षात विसरलो.

सोमवार, २३ फेब्रुवारी

हंसा सकाळीच एकटी बाहेर पडली. दुपारी आली, पदर खोचला, भात टाकला आणि पाठमोरीच बोलली. पोलीस ठाण्यात जबाब देऊन आलेय. "तुम्ही त्या बाईच्या थोबाडीत मारलीत ना, तेव्हा बांबू माझ्या हातात होता."

आधी का नाही बोललीस, विचारलं. तुमची भीती वाटत होती, म्हणाली. होती!

मी उठलो. हात उचलला. ती वळली, हलली नाही. हात आपोआप खाली आला.

आता ती आत भाजी चिरतेय. मी खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून बसलोय, तोंड स्वयंपाकघराकडे.