मनुष्यवस्ती : निरंक

४ फेब्रुवारी २०१३

आजपासून मी वाघोलीकर. शनिवार पेठेत ही बातमी दिली तेव्हा पद्मजाकाकूने, म्हणजे जिने मला लहानाचं मोठं केलं तिने, तिथे जायला व्हिसा लागतो का, असं विचारलं. लागायला हवा. नगर रस्त्याची धूळ काय, स्वतःला 'व्हिला' म्हणवणारी खुराडी काय! तरी मी खुशीत आहे. नोकरी पर्यावरण सल्लागाराची, पगार बरा, आणि खोली कामाच्या जागेपासून चालत दहा मिनिटांवर.

इथल्या टेकडीवर सर्जेराव नावाच्या गृहस्थांना दगडखाण काढायची आहे. आयटीवाल्यांच्या इमारतींना खडी लागते. खाणीमुळे आसपास काय बिघडेल आणि दगड संपल्यावर खड्डा बुजवून जमीन पूर्ववत कशी करायची, याचा अहवाल मी लिहायचा. घरमालकीण इंदुबाई परभणीकडच्या. वीस वर्षांपूर्वी खडी फोडायला आल्या, आता त्रेचाळीस घरांच्या वस्तीत त्यांच्या दोन पक्क्या खोल्या आहेत. चहा इतका गोड करतात की त्यात चमचा उभा राहावा. मी तसं सांगितलं. त्या हसल्या आणि उद्यापासून साखर तुमच्या हातानं घाला, म्हणाल्या.

७ फेब्रुवारी

सर्जेराव भेटला. गळ्यातली साखळी बैल बांधायला पुरेल एवढी. वीस वर्षांनी इथे बाग होणार, आयटीतली माणसं तिथे पळायला येणार, असं छातीवर हात ठेवून सांगत होता.

घरं आणि विहिरी मोजत उन्हात हिंडायचं होतं. आमच्या श्रीनिवास सरांनी सुटका केली. गेल्या वर्षी एका ओसाड डोंगराचा अहवाल मंजूर झालाय, तोच घ्यायचा आणि गावाचं नाव बदलायचं. सगळे असंच करतात. कचेरीत वाचतंय कोण? तक्ता होता तसाच ठेवला. एक किलोमीटरच्या आत, विहिरी : निरंक. मनुष्यवस्ती : निरंक. निरंक म्हणजे कचेरीच्या भाषेत शून्य. शेवटच्या पानावर खड्डा बुजवल्यावर लावायचे चारशे कडुलिंब, तीन-तीन मीटरवर, लोखंडी जाळीसह. सही ठोकली.

इंदुबाईंनी विचारलं, सुरुंगानं हिर आटंल, ती कागदात लिवली हाय का. लिहिली, म्हणालो. अडाणी बाईशी तक्त्यावरून वाद कोण घालणार.

१८ फेब्रुवारी

अहवाल दाखल झाल्याचा सरांचा फोन सकाळी आला. दुपारी वस्तीची विहीर नव्हती. आटलेली नव्हे, नव्हतीच. नुसता सपाट मुरूम. इंदुबाई म्हणाल्या, हितं हिर कवा व्हती, पहिल्यापासून टँकरच येतोय. कालच त्यांनी तिथलं पाणी शेंदून माझा माठ भरला होता. ऊन लागलं असावं. मला की त्यांना, ते बघायला हवं.

१९ फेब्रुवारी

घरं मोजली. पहिल्यांदाच. एकतीस. बाकी बारांच्या जागी कडुलिंबाची रोपं, जाळीसकट. टेपने अंतर घेतलं. बरोबर तीन मीटर.

तक्ता बदला, असं सरांना म्हणालो. दाखल झालेला कागद बदलत नाही, म्हणाले. शुक्रवारी जनसुनावणी आहे, एक किलोमीटरच्या आतला रहिवासी तिथे हरकत घेऊ शकतो. मग हसून म्हणाले, पण रहिवासी तर निरंक आहेत, सही तुझीच आहे.

२१ फेब्रुवारी

नऊ घरं. मला भीती वाटते आहे. इंदुबाईंना सगळं खरं सांगितलं, खोटं लिहिलं हेही. त्या ओरडल्या नाहीत. उद्या दोघं जाऊ, मी बोलते, मला बोलता येतंय, म्हणाल्या, आणि आधी भाकर खाऊन घ्या. खाली मान घालून जेवलो. या बाईला मी अडाणी —

२२ फेब्रुवारी, सकाळ

चहा नाही. इंदुबाईंची खोली नाही. भिंतीपलीकडे रोप. साखरेचा डबा तेवढा माझ्या खिडकीत —

पद्मजाकाकूला फोन केला. कोण बोलतंय, विचारलं. नाव सांगितलं. आमच्यात या नावाचं कोणी नाही, आणि कामाच्या वेळी लोकांना पिडू नये, म्हणाली. आवाज तिचाच —

दुपार

मंगल कार्यालय. दोनशे रिकाम्या खुर्च्या. समोर कचेरीतले साहेब, सर्जेराव, श्रीनिवास सर. ओरडलो. घसा बसेपर्यंत. कोणी मान वर केली नाही. कारकून जांभई देत लिहीत होता — वाकून वाचलं —

हरकती : निरंक.

नंतर

खोलीत. फरशीला तडा. त्यातून हिरवं काहीतरी — जाळी अजून आलेली नाही —

लिहून ठेवतो. कोणीतरी येऊन मोजा. त्रेचाळीस घरं होती. विहीर होती. इंदुबाई राहत होत्या. मीही इथेच राहतो, माझं नाव सौ—