पाच वाजताचा रकाना

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची! खोली ऐसपैस, गादी मऊ. आमचे हे असते तर म्हणाले असते, आता तू घोरणार आणि घरमालक पळणार. काम सोपं आहे. घरची मुलगी चौदा वर्षांची, मनानं आजारी. महिनाभर इस्पितळाच्या वॉर्डात होती. डॉक्टर म्हणाले, अजून ठेवा, नाहीतर घरी उपचार करा, सिस्टर दर शुक्रवारी सहाला येऊन बघेल. आईनं घरी आणलं. पोटची पोर परक्यांत कशाला ठेवायची, म्हणते. पटलं मला. मी नुसतं पोरीजवळ बसायचं. ती काय करते ते आई दर पंधरा मिनिटांनी तक्त्यात लिहिते. पोरीच्या दाराला आतून मूठच नाही. वॉर्डासारखी सोय म्हणे. मी आईला म्हटलं, वहिनी, माझे गुडघे असे, मी कुठं पळतेय? त्या हसल्या नाहीत.

मंगळवार, ४
पोर गोड आहे. मी तिला चिमणे म्हणते, ती मला घारमावशी. पत्त्यांत लबाडी करते, अगदी माझ्यासारखी. मला परत वॉर्डात पाठवा म्हणाली. मी चिडवलं, आयतं ताट सोडून रांगेत उभं राहायची हौस आली का गं? तर म्हणते, तिथं लोक आधी बघतात, मग लिहितात.

बुधवार, ५
तक्ता चोरून बघितला. खोडच माझी. सकाळचे दहा, आणि रकाने रात्रीपर्यंत भरलेले! ११.१५ रडते. ३.३० ताट फेकते. वाटलं, बाई कामचुकार दिसते. सव्वाअकराला वहिनी आल्या, पोरीच्या कानात काहीतरी बोलल्या. पोर हमसाहमशी रडली. साडेतीनला ताट घेऊन उभ्या. पोर फेकेना. त्यांनीच फेकलं, माझ्याकडे बघत. मग घड्याळ बघितलं.
मी गुपचूप सिस्टरला फोन केला. म्हणाली, शुक्रवारी येते तेव्हा पोरीला घेऊनच जाते.

गुरुवार, ६
माझा फोन सापडत नाही. पोरीच्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, मावशी, तक्त्यात असतं तसंच होतं इथं. आणि जेवत राहिला. वहिनींना सगळं कळलंय. एवढंच म्हणाल्या, शांत मुलीला कोण कशाला नेईल?

शुक्रवार, ७
दार बाहेरून लावलं. मी पण आत. मूठ — चेष्टा केली होती ना मी —

तक्ता आतून दारावर चिकटवलाय.
४.१५ मुलगी दूध पिते.
४.३० मावशी दूध पिते.
५.०० दोघी शांत.
पुढं सगळं कोरं.

आत ठेवलेलं दूध कोपऱ्यातल्या मोरीत ओतलं. चिमणी हसली. पहिल्यांदाच मोठ्यानं.

चार पन्नास. कडी वाजली. वहिनी. मोरीतला पांढरा ओघळ दिसला त्यांना. बोट तक्त्यावर. दुसऱ्या हातात उशी. चिमणी माझ्या पाठीमागं — मी हलणार नाही — सिस्टर, वही गादीखाली सरकवते, तक्ता वाचू नका, आधी बघा, मग —