थर्माकोल सोडायचं कारण

गुरुवार, संध्याकाळ

कासार आंबोलीचे ढमालेशेठ आमच्या कंपनीला थर्माकोलचं पॅकिंग पुरवतात. पुठ्ठ्याचं द्या म्हणून मी कितीतरी मेल केले, पण उत्तर नाही. आज थेट त्यांच्या शेडवरच गेले. जादा ऑर्डरचं आमिष, सरकारी नियम, सगळं बोलायचं ठरवलं होतं. चहा संपायच्या आतच ते ‘करू की’ म्हणाले.

‘पण का?’ मीच विचारलं.

‘कंपनीचं मानूस पैल्यांदाच दारात आलं. न्हाई कसं म्हनू?’

‘आणि पर्यावरण?’

‘ते बी हायेच की.’

ते बी! हसावं की काय, कळेना. साहेबांना कारण काय सांगू? आणि हा होकार कंपनीला, की मला? पुढच्या महिन्यात माझी बदली होतेय, हे त्यांना सांगायला मात्र जीभ रेटली नाही.