भाऊच्या खोलीतल्या पिसवा

८ सप्टेंबर, सोमवार

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल ठिपके. डास नव्हेत, डास असे रांगेने चावत नाहीत. वर्ध्याची भाड्याची खोली सोडून पवनारला वहिनीकडे राहायला आले त्याला आठवडा होतोय, आणि रोज नवे ठिपके. वहिनीला दाखवले. "घामोळं असन," म्हणाली, आणि स्वतःचे पाय पातळाखाली ओढून घेतले. तिचेही तसेच आहेत. मी पाहिलेत.

शेरू दिवसभर खाजवतो. म्हाताऱ्या कुत्र्याचं कातडं असतंच तसं, हे वहिनीचं म्हणणं. पण मनी मांजरही खाजवते, आणि सरपंच (हा बोका, शेजारच्या तीन घरांत जेवून इथे झोपायला येतो) दाराच्या चौकटीला पाठ घासतो. मनीचं पिल्लू ओंजळीत मावेल एवढं. ते मात्र गप्प पडून असतं.

पितृपक्ष लागला. भाऊला जाऊन चार महिने. पहिल्या वर्षी पितरांत धरत नाहीत म्हणून यंदा त्याचं काही नाही. वहिनीला तसं म्हटलं तर म्हणते, "बलवाचं काय काम? ते येऊनच राह्यले."



९ सप्टेंबर

ऐकलं.

दुपारी, जेवणं झाल्यावर. भाऊच्या खोलीतून. ठक ठक ठक. मग थांबून, ठक ठक.

लकवा झाल्यावर भाऊची जीभ गेली होती. चहा पाहिजे, कूस बदलायची, माशी बसली, काहीही असो, तो काठीने पलंगाच्या पायावर ठोकायचा. सुट्टीला यायचे तेव्हा मी ते ऐकलंय. हाच ठेका होता. मी मेथी निवडत होते, जुडी हातात तशीच राहिली.

वहिनी उठली. गॅस पेटवला. कप भरून खोलीत ठेवून आली आणि पुन्हा माझ्यासमोर बसून मेथी निवडायला लागली.

"वहिनी, हे..."

"दुपारचा चा लागते त्याइले. तुमाले मालूम नाई का?"

अंगावरचा काटा अजून जात नाही.

१० सप्टेंबर

दुपारी घरी थांबलेच नाही. धाम नदीच्या काठावर जाऊन बसले, ऊन असून. लाज वाटली. साठीला आलेली बाई, बँकेत उभा जन्म काढला, सख्ख्या भावाला भ्यायली. परत आले तेव्हा त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी रिकामा कप. चहा कोण प्यालं? (वहिनी टाकून देत असेल. किंवा शेरू.)

११ सप्टेंबर

खोलीचं नंतर. चावतंय ते काय, ते आधी बघायचं ठरवलं. मनीला बारीक फणीने विंचरलं, पांढऱ्या कागदावर. काळी भुकटी पडली. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर कागद लाल. रक्तच ते, त्यांच्या पोटातून गेलेलं. आणि त्यातून एक टुणकन उडाली.

पिसवा.

शेजारचा चुलतभाऊ रमेश पंप पाठीला लावूनच आला. "कपाशीचं औषध आहे मंदाताई. एक फवारा मारला का खेळ खतम." म्हटलं, खेळ मांजरांचाही खतम होईल, आणि आमचाही. हाकलला. रुसून गेलाय.

१३ सप्टेंबर

पिल्लू नि मनी टोपलीत, वर फडकं बांधून, ऑटोने वर्ध्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे. तरुण पोरगी आहे. पिल्लाचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, रक्त कमी झालंय, पिसवा पिऊन टाकतात, इतकं लहान पिल्लू टिकत नाही. त्याला औषध चालणार नाही, फक्त कोमट पाणी, साबण आणि फणी. मोठ्यांना मानेवर टाकायचे थेंब दिले. कुत्र्याचे वेगळे, मांजरांचे वेगळे. अदलाबदल झाली तर मांजर जातं, हे तीनदा सांगितलं. महिन्याने पुन्हा टाकायचे.

"पण नुसत्या थेंबांनी होणार नाही. अंगावर दिसतात त्या थोड्याच. बाकी घरात असतात. कुत्रा झोपतो कुठे?"

"भावाच्या पलंगाखाली. भाऊ गेला. ती खोली झाडत नाही आम्ही."

"मग तिथेच. कोषात गप्प पडून राहतात, महिनोन्‌महिने. कोणाचं पाऊल वाजलं, ऊब लागली, की बाहेर येतात."

ऑटोत हेच डोक्यात. खोलीत कोणीतरी पावलांची वाट बघत पडून आहे.

१४ सप्टेंबर

आज खोलीत गेले. दुपारीच. मुद्दाम.

सगळं तसंच. गादीवर त्याच्या अंगाचा खळगा. खिडकीत मलमाची ट्यूब. उभी राहिले तोवर पायाला गरम टाचण्या टोचल्यासारख्या, पोटऱ्या भरून गेल्या. आणि तेवढ्यात ठक ठक ठक.

ओरडले असेन. मग वाकले, चादरीची लोंबती कड उचलली.

शेरू. एका कुशीवर, मागचा पाय कानामागे खाजवतोय. खाजवताना ढोपर पलंगाच्या पायावर आपटतं. ठक ठक ठक. दम लागला की थांबतो. मग पुन्हा. जेवण झालं की इथे गारव्याला येतो, त्याच्या अंगाची ऊब लागली की पिसवा चावतात, म्हणून ती वेळ.

हसू आलं. मग खाली फरशीवर बसले आणि रडायला आलं, भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं.

मागे वहिनी उभी, हातात कप. तिने पलंगाखाली पाहिलं की नाही, सांगता येत नाही. कप उशाशी ठेवला आणि गेली.

१५ सप्टेंबर

सगळं समजावलं, शेरूची ठकठक तेवढी सोडून. ते तोंडातून निघेना. गादी जाळावी लागेल, चादरी उकळाव्या लागतील, फरशीच्या भेगा धुवाव्या लागतील.

"गादीले हात लावू नका."

"वहिनी, तुमच्या पायाला जखमा झाल्या. तुम्हाला शुगर आहे."

"माह्या पायाचं मी पाहीन. त्याइचा खळगा आहे त्याच्यात. तो गेला त् मंग काय राह्यलं?"

थेंब आणलेत, टाकून काय उपयोग? त्याच पलंगाखाली जाऊन निजणार शेरू.

१७ सप्टेंबर

पिल्लू सकाळी उठलं नाही. उचललं तर मान लोंबली. हिरड्या भाकरीच्या पिठासारख्या. मनी माझ्या पायांत घुटमळत ओरडत होती. कोमट पाण्यात धरलं, फणी चालवत राहिले. पाणी लालसर, त्यात काळे ठिपके पोहतायत. वहिनी दारात.

"जाते का ते?"

"जाईल असं दिसतं."

ती आत गेली. मला वाटलं देवापाशी बसली. थोड्या वेळाने काहीतरी फरफटल्यासारखा आवाज. पाहते तर भाऊची गादी कवेत धरून एकटीच ओढत अंगणात निघालेली, पदर कमरेला खोचून.

"मेलेल्याच्या गादीपायी जितं नेता का?" माझ्याकडे बघून नाही म्हणाली. भाऊला म्हणाली.

परसात पेटवली. आपल्याच वावरातला कापूस, भाऊने लग्नात भरून घेतलेला. पेटेचना लवकर, नुसता धूर. वहिनी जळून संपेपर्यंत उभी होती. मी हात धरला तर सोडवून घेतला नाही.

१९ सप्टेंबर

दोन दिवस नुसतं पाणी उकळतोय. चादरी, गोधड्या, उशीचे अभ्रे. पलंग उन्हात, सांध्यांत उकळतं पाणी. फरशीच्या भेगा खराट्याने खरडल्या. शेरूला, मनीला थेंब. सरपंचाला धरताना माझा हात फाटला. रमेश रुसवा विसरून आला, पलंग परत आत ठेवायला हात लावला.

पिल्लू दूध चाटतंय. बोटाला धरून, पण चाटतंय.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या

वहिनीने खीर, वडे, भाजी केली. पहिल्या वर्षी नसतं, हे मी पुन्हा सांगितलं नाही. पान वाढून कौलावर ठेवलं. कावळा आला, पटकन. तिचा चेहरा उजळला नाही.

दुपारी ती गॅसपाशी उभी राहिली, कान देऊन. भांड्यात पाणी होतं. शेरू पलंगाखाली शांत झोपलेला, घोरत.

पाणी ओतून दिलं तिने.

२६ सप्टेंबर

चावणं कमी. मोज्यांवर एखाद-दुसरी दिसते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशा, कोषातल्या उरलेल्या. घर स्वच्छ. इतकं स्वच्छ की पाऊल वाजतं.

वहिनी दुपारी निजते. आधी कधी निजायची नाही. उठवलं तर म्हणते, "उठून काय करू?" जेवण अर्धं.

२ ऑक्टोबर

आज दसरा. सोनं वाटायला कोणी आलं नाही, दुखवट्याचं घर. दोघीच पायरीवर बसलो होतो. न राहवून म्हणाले, "वहिनी, तो आवाज शेरूचा होता."

"मालूम आहे."

"कधीपासून?"

"पह्यल्याच दिवशी पाह्यलं मी खाली वाकून. मी का येडी आहे?" पिल्लू तिच्या मांडीवर होतं, त्याचे कान चोळत म्हणाली, "दोन वर्षं ते ठोकत अन् मी उठे. जेवता जेवता उठे, न्हाता न्हाता उठे. कवा कवा त् राग ये, वाटे का काठी मोडून चुलीत घालावी. मंग ते गेले. सगळे म्हणत, आता आराम करा. कोणी उठवतच नाई न मले, मंदाबाई. मंग शेरूनं ठोकलं, त् पाय आपोआप उठले. पाय उठले त् मी उठली."

मी म्हटलं, मी आहे ना, मी हाक मारत जाईन.

"मारजा," म्हणाली. पण हसली, लहान मुलाची समजूत काढावी तशी.

१७ ऑक्टोबर

पिल्लू पलंगाखाली शेरूच्या पोटाशी झोपायला लागलंय. गुबगुबीत झालंय. आज त्याच्या कानामागे एक पिसू दिसली. चिमटीत धरायच्या आत गेली. महिना होत आला, थेंब पुन्हा टाकायला हवेत. शेरूची ट्यूब फडताळात आहे, मांजरांची उद्या आणते म्हटलं.

वहिनी भांडी लावत होती. पाठमोरीच म्हणाली, "या खेपेले शेरूचं राहू द्या थोडं. दिवाळी होऊन जाऊ द्या."

"पिल्लू आहे वहिनी."

तिने भांडं जरा जोरात ठेवलं.

१८ ऑक्टोबर

मांजरांचं औषध आणलं. जेवणं झाली. म्हटलं शेरूपासून सुरुवात करावी, झोपेत असताना मान सापडते. ट्यूबचं टोक कापलं आणि खोलीच्या दारात आले.

ठक ठक ठक.

पिल्लू त्याच्या पोटाशी, उघड्या डोळ्यांनी त्या हलत्या पायाकडे बघत होतं.

स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. इतक्या दिवसांत असा आवाज ऐकला नव्हता, भरलेला, थोडा वैतागलेला, धावपळीतल्या बाईचा.

"आली जी, आली."

मागोमाग गॅस पेटल्याचा आवाज. मी दारात. ट्यूबचा एक थेंब बोटावर उतरलेला, थंड. एक पाऊल खोलीत, एक बाहेर.